वन्संचा हात

नाही, तो डबा नको, तो तुमचा नाही. ठेवा परत जागेवर. वरच्या फळीवरचं काहीच तुमच्यासाठी नाही, ते सगळं दणकट कातडीच्या माणसांचं — माझ्यासारख्या, म्हणजे मी होते तशांचं. तुम्ही इकडे या, खिडकीपाशी, उजेडात बसा. हं. मान वर करा जरा. अहो घाबरताय कशाला, हात नाही लावत, नुसती बघतेय — नाकाच्या दोन्ही बाजूंनी लाल, गालावर कोंडा सुटल्यासारखं, आणि हनुवटीला तर तुम्ही खाजवलंय. खाजवलंय, नाही म्हणू नका, नख दिसतंय. तोंड धुतलं की ओढल्यासारखं होतं ना? आणि साधं पाणी लागलं तरी चरचरतं? वाटलंच मला. आम्हाला तोंड बघूनच कळतं, पण नुसतं सांगितलेलं कुणाला पटत नाही, म्हणून विचारायचं नाटक करायचं. काढा, ती पिशवी उघडा, काय काय लावता ते मांडा इथे काउंटरवर. लाजू नका, सगळेच पिशवी घेऊन येतात.

संपल्या बाटल्या? अजून आहेत. बरं, ठेवा, जागा आहे. अहो, चेहरा आहे का मोरीची फरशी? सकाळी हे फेसाचं, त्यावर हे घासायचं, मग हे संत्र्याच्या सालीचं पाणी, रात्री हे ॲसिड, आणि ॲसिडावर हे दुसरं, सुरकुत्यांचं — सुरकुत्या कुठेयत तुम्हाला, सुरकुत्या बघायच्या तर माझ्याकडे बघा. कुणी सांगितलं हे सगळं? मैत्रिणीनं. आणि जळजळलं की मैत्रीण म्हणाली असेल, जळजळतंय म्हणजे काम करतंय. म्हणालीच ना? मला या वाक्याचा इतका राग आहे म्हणून सांगू. जळजळतंय म्हणजे जळतंय, बाई. तव्यावर बोट टेकलं तर आपण म्हणतो का, वा, काम करतंय? मैत्रिणीची कातडी मैत्रिणीची. तिला मानवलं ते तुम्हाला मानवेलच असं नाही, आणि तुम्हाला आज मानवलं ते उद्या मानवेल याचीही खात्री नाही — हे मी जितकं सांगू शकते तितकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही. ते असो, ते माझं आहे.

बसा हो, उठू नका, घाई असलीच तर मला आहे. संध्याकाळी मुलगी यायचीय माझी, गाडी घेऊन. न्यायला येतेय, म्हणजे यायचं की नाही ते मी सांगायचंय. नात झालीय मला, पहिलीच, अजून मान धरायचीय तिनं. मुलगी आता पुन्हा कामावर रुजू होणार, तिचं म्हणणं, दुकान बंद कर आणि ये माझ्याकडे, बाळापाशी आपलं माणूस हवं. यात ठरवायचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. आमचे हे तर परवापासून बॅग भरून बसलेत, रोज एक सदरा आत घालतात आणि एक बाहेर काढतात. मीच आहे आपली या काउंटरला चिकटलेली.

तर ऐका नीट. आजपासून हे सगळं बंद. सगळं म्हणजे सगळं. कोमट पाणी — गरम नाही, कोमट — हे फेस न येणारं धुवायचं, आणि हे क्रीम. बस्स. यात काय आहे? ग्लिसरीन आहे, ओल धरून ठेवायला. ओट्सचं पीठ आहे, पार बारीक केलेलं, खाज निववायला. पेट्रोलियम जेली आहे, ती वरून झाकण घातल्यासारखी बसते, आतली ओल उडू देत नाही. आणि टिकायला म्हणून घातलेलं औषध आहे थोडंसं — हो, ते लागतं, पाण्याचं क्रीम त्याच्याशिवाय नासतं, आणि नासकं क्रीम तोंडाला फासण्यापेक्षा ते बरं. आमच्यात काहीच नाही, सगळं नैसर्गिक, असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडायचं. खाजकुइली काय कारखान्यात करतात? लॅव्हेंडर नैसर्गिक, लिंबाचं तेल नैसर्गिक, पुदिना नैसर्गिक, आणि तुमच्या कातडीला तिन्ही नकोत. सुगंध नको, सुगंधी तेल नको, ते थंडगार लागून उडून जाणारं स्पिरिट नको, घासायची रवाळ पेस्ट नको, आणि ॲसिडाचं तर कातडी शांत होईपर्यंत नाव काढायचं नाही. पुढे काही नवीन आणलंत तर एका वेळी एकच आणायचं. दोन आणलीत आणि अंगावर काही उठलं, तर शिव्या कुणाला घालणार? आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं, दोन-तीन दिवस तिथेच, मग चेहरा. एवढा धीर कुणाला नसतो, आधी चेहऱ्यावर फासतात आणि मग इथे येऊन बसतात, तुम्ही बसलात तशी.

अजून एक, डब्यावरचं वाचताना. 'वास नाही' असं लिहिलंय की 'वास घातलेला नाही' असं लिहिलंय, ते बघायचं. हसू नका, फरक आहे. मालाला स्वतःचा एक वास असतो, मेणकट, तेलकट. तो दाबायला दुसरा घालतात, इतका मापात की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि नाकाला काही म्हणजे काही कळत नाही. झालं, लिहितात 'वास नाही'. खोटंही नाही ते. नाकाला नाहीच. कातडीला आहे. नाकाला कळत नाही ते कातडीला कळतं — हे वन्संचं वाक्य, माझं नव्हे. मला कुठली एवढी अक्कल, मी नुसती काउंटरवर बोलायला.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची मोठी बहीण. दुकान त्यांचंच. मी लग्न होऊन आले ती या दुकानावरच्या खोल्यांत, आणि वन्सं आमच्याजवळ राहायच्या, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्याजवळ. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही केलं, तर म्हणायच्या, मानवलं नसतं. त्यांना काही मानवायचंच नाही. साबण मानवायचा नाही, लोकर मानवायची नाही, पाहुणे मानवायचे नाहीत, घरात कुणी रडकी गाणी लावली तर तीही मानवायची नाहीत. कातडी अशी की बोटानं रेघ ओढली तर ती बराच वेळ दिसत राहायची. अशा बाईनं करायचं काय? तिनं मागच्या खोलीत शेगडी मांडली आणि स्वतःला सोसेल असं एक क्रीम घोटलं. ते शेजारणीच्या बाळाला दिलं. मग शेजारणीच्या बहिणीनं मागितलं. असं दुकान झालं. आणि मी या घरात आले ती कशी, तर मनगटावर, कानामागे, मानेवर, जागा मिळेल तिथे गुलाबाचं अत्तर लावून. वेड होतं हो मला. माहेरी मला अत्तराची बाटलीच म्हणायचे. मी दारात पाऊल टाकलं आणि वन्संना शिंका सुरू, पित्त उठावं तशा हातावर गांधी, डोळे सुजून बारीक, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत त्या म्हणाल्या — मला नाही, भावाला म्हणाल्या — 'ही मला मानवायची नाही.'

झालं. त्या दिवसापासून घरातून वास गेला तो गेला. वासाचा साबण नाही, पावडर नाही, डोक्याला तेल लावायचं तर बिनवासाचं, टेबलावर फुलं नाहीत, माझ्या बहिणी यायच्या तर दाराबाहेर एकमेकींना हुंगून मग आत यायच्या. एकदा ह्यांनी लाडानं एक बाटली आणून दिली, ती मी कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवली, बूच कधी काढलं नाही, नुसतं काचेला नाक लावायची. मी काय गप्प बसायची का? वन्सं, म्हणायची, तुमच्यापायी माझं तारुण्य कोरडं गेलं. त्या म्हणायच्या, तारुण्य कुणाचंच राहत नाही, कातडी राहते, ती सांभाळ. असं चालायचं आमचं. भांडण म्हणावं तर भांडण नाही, पण एकमेकींना टोमणा मारल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

पण सकाळी — कुठे होते मी? हां, कोपराचं सांगत होते. सकाळी दुकान उघडायच्या आधी वन्सं मागच्या खोलीत खुर्चीवर बसायच्या, बाही वर सारायच्या आणि हात माझ्या मांडीवर टाकायच्या. नवीन आलेला माल, नवीन घोटलेलं क्रीम, जे काय असेल त्याचा एकेक थेंब मी काडीनं त्यांच्या हातावर ठेवायची. मीच का? तर स्वतः ठेवलं की मन तिथेच राहतं आणि नसलेली खाज येते, असं त्यांचं म्हणणं. त्या डोळे मिटायच्या आणि मी बघत बसायची. बाकीचे थेंब शांत, आणि एखाद्याखाली गुलाबी यायला लागायचं — नेहमी अंगठ्याकडच्या अंगानं सुरू व्हायचं, वर चढायचं आणि कोयरीसारखं वळायचं. कोयरी आली की तो माल परत. व्यापारी लाख शपथा घेऊ देत. गिऱ्हाइकं त्यांना हातवाल्या बाईच म्हणायची. हातवाल्या बाईंना चाललंय ना, मग द्या. आणि माझा हात? माझ्या हातावर काही ओता, गंज काढायचं औषध ओता, ढिम्म. वन्सं म्हणायच्या, तुला कातडी नाही, ताडपत्री आहे. एवढा वेळ मी जन्मात दुसऱ्या कुणाचा हात धरला नाही, अगदी ह्यांचाही नाही, ते काही हात धरून बसणारं माणूस नव्हे.

गेल्या वर्षी गेल्या त्या. छातीचं दुखणं. शेवटी शेवटी हातावर थेंब कसले ठेवणार, नुसती जेली लावायची, कोरडे पडायचे हात, ती मी लावायची. एकदा लावताना म्हणाल्या, आता कुणाचा हात घेशील? मी म्हटलं, कुणाचा घेतेय, दुकान मोडीत काढीन आणि अत्तरानं आंघोळ करीन. हसल्या. खूप हसल्या, मग खोकला लागला, मग मीच घाबरले. आणि केलंही मी तसंच. म्हणजे दुकान नाही मोडलं, पण सगळं उरकल्यावर, माणसं आपापल्या घरी गेल्यावर, मी बाजारात जाऊन गुलाबाचा साबण आणला. दुःख नव्हतं असं समजू नका. दुःख होतं आणि साबणही होता, दोन्ही असतं माणसाला एका वेळी. न्हाणीघराचं दार लावून मी इतका फेस केला, या वयाला शोभणार नाही इतका. बाहेर आले तर हे पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, कोण आलंय? म्हटलं, मी आहे, कोण येणार. त्यांनी पुन्हा वास घेतला आणि म्हणाले, नाही, कुणीतरी आलंय घरात. आणि तेवढ्यात मला इथे, या कोपराच्या आत, खाज सुटली.

बाही वर केली. अंगठ्याकडून गुलाबी, वर चढलेलं, वळलेलं. कोयरी. अहो, हात माझा, पण उठलेलं वन्संचं होतं. मी ते इतक्या वेळा पाहिलंय की माझ्या मुलीच्या तोंडवळ्यात एखाद्या वेळी चुकेन, त्यात चुकायची नाही. मी तिथेच जमिनीवर बसले. हे धावत आले, बघितलं, आणि मला हसवायला म्हणाले, 'अगं, तुझ्या अंगावर काही आलेलं नाही, ताई अंगात आलीय.' आणि म्हणाले खरं, पण हसायला कुणालाच आलं नाही.

त्या दिवसापासून ताडपत्री फाटली ती फाटलीच. लोकर टोचायला लागली. पावडरीचा डबा शेजारी उघडला तरी माझे हात फुलतात. पाहुणे आले की कधी जातील असं होतं, मी, जिला माणसांशिवाय करमायचं नाही. परवा ह्यांनी नवीन चादर घातली तर माझ्या तोंडून निघालं, मानवत नाही मला, आणि ह्यांच्या हातातून उशीच पडली, कारण सूर माझा नव्हता. दुकानाचं मात्र बरं झालं. वन्सं गेल्यावर एक माल आला, डब्यावर 'वास नाही', मी विश्वासानं घेतला, सहज हातावर थेंब ठेवला तर कोयरी. परत पाठवला. गिऱ्हाइकं म्हणाली, हातवाल्या बाई गेल्या पण हात ठेवून गेल्या. त्यांना कौतुक, आणि माझ्या अंगावर काटा. आता सकाळी मी त्या खुर्चीवर बसते, बाही सारते, डोळे मिटते आणि हात पुढे टाकते. पुढे कुणी नसतं. उजव्या हातानं मीच काडी धरते, माहीत आहे मला, मीच धरते. पण डोळे मिटलेले असले ना की कळेनासं होतं हो — मी हात देणारी आहे का काडी धरणारी आहे. आणि समोर जी कुणी आहे ती श्वास घेते. ऐकू येतो मला.

डॉक्टरांना दाखवलं, दाखवलं नाही असं नाही. चांगल्या आहेत डॉक्टरीणबाई, शांतपणे ऐकून घेतात. म्हणाल्या, यात घाबरण्यासारखं काही नाही, जन्मभर या मालात हात असले की एक दिवस कातडी संप करते, उतारवयातही करते. कोपराच्या आतच का? तर तिथली कातडी पातळ म्हणून. कोयरीचं मी त्यांना सांगितलंच नाही. म्हणाल्या, मागची खोली सोडा, काही महिने या सगळ्यापासून लांब राहा, बहुतेक निवळेल. बरोबर आहे त्यांचं. शंभर टक्के बरोबर असणार.

आणि निवळायलाच हवं, कारण नातीला घेता येत नाही मला. गेले होते ना बघायला. मुलीनं हौसेनं सगळं आणलेलं — पावडर, तेल, कपडे मऊ व्हायला धुताना घालतात ते. बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि ते जांभई देऊन नीट विसावतंय तोवर माझे हात कोपरापर्यंत सुजले आणि डोळे मिटायला लागले. बाळाचं तोंड धड दिसलं नाही मला. मुलीनं बिचारीनं सगळं बदललं, पुन्हा धुतलं, तरी ते वास कुठे लगेच जातात, बाळाच्या मानेच्या घडीत राहतात, पाळण्याच्या दोरीत राहतात. मग मी जाड टॉवेल घेतला आणि टॉवेलावर बाळ घेतलं, चुलीवरचं भांडं उतरवतात तसं. मुलगी बघत होती. दुसऱ्या दिवशी मी परत यायला निघाले तेव्हा गाडीपाशी ती एवढंच म्हणाली, 'आई, आत्या गेली ना? मग आता तू तरी ये.' मी काच वर केली आणि आले.

तर एवढं सोपं आहे बघा. मागच्या खोलीत जायचं नाही, थेंब ठेवायचे नाहीत, थोडे दिवस गप्प बसायचं, की निवळलं, की नात मांडीवर. आणि डॉक्टरीणबाईंनी हे सांगितल्यापासून मी — हे ह्यांना माहीत नाही, मुलीला नाही, कुणालाच बोलले नाही मी, तुम्हाला का सांगत सुटलेय देव जाणे — मी रोज थेंब ठेवते. माल आलेला नसला तरी ठेवते. गुलाबाचा तोच साबण पाण्यात कालवते आणि ठेवते, आणि बघत बसते. कशासाठी? येतेय का बघायला. आली की म्हणते, वन्सं, आलात का. आणि मग दिवस नीट जातो माझा. खाज येते, येऊ दे, त्यांनी जन्मभर सोसली, मला काय झालं सोसायला. मग निवळणार कसं? नाहीच निवळणार, मीच निवळू देत नाही. मुलीला वाटतं, आईचा जीव दुकानात. दुकान गेलं खड्ड्यात हो. मी तिकडे गेले आणि हे सगळं निवळलं, तर वन्सं कुठे जातील? त्यांना दुसरं कोण मानवतंय? मी एकटी मानवले त्यांना, तेही मेल्यावर, आणि मीच त्यांना बाहेर काढू?

जाऊ दे. तुमचं राहिलंच. तो गळ्यातला रुमाल सोडा, मानेवर उतरलंय का बघू दे. द्या इकडे, मी धरते. वळा. मानेवर आहे थोडं, कानाखाली, पण कोरडंय, घाबरायचं कारण नाही, हेच क्रीम तिथेही लावायचं. रुमाल फार घट्ट गुंडाळता का? आणि कशानं धुता, ते मऊ करायचं औषध घालत असाल तर — छान आहे हा वास. गुलाब ना? खरा गुलाब वाटतोय, पाणी घातलेला नाही. मला वाटलं मघापासून तुमच्या बाटल्यांचाच येतोय. अत्तर लावता तुम्ही रुमालाला? आज सकाळीच? नाही नाही, रागावत नाही, तुम्हाला मी नंतर सांगणारच होते की हे बंद करा. किती वर्षांनी असा नाकाशी धरला मी. अगदी नाकाशी धरलाय की.

थांबा. एक मिनिट थांबा. माझा चष्मा राहू दे, तुमची नजर तरुण आहे, तुम्ही बघा — इथे, कोपराच्या आत. लाल आहे? थोडं तरी? अंगठ्याकडून बघा, तिकडूनच सुरू होतं. मी रुमाल दाबून धरते, असा, घट्ट. साबणाच्या पाण्यानं येते, हे तर अत्तर आहे, हे लागल्याबरोबर यायला हवं. सकाळी होती हो. आज सकाळी इथेच होती, मी बोलले तिच्याशी. बघा आता. काढते रुमाल. काय दिसतंय? नुसतं दाबल्याचं आहे ते, ते जाईल. गेलंच. खाजही नाही. अगं, खाजसुद्धा येत नाहीये मला.

बोलायला नको होतं मी. कुणाला बोलले नव्हते तोवर होत्या. हातावर काय उठतं ते त्या कधी गिऱ्हाइकाला दाखवायच्या नाहीत, आतच असायचं ते, दोघींतच, आणि मी बसले इथे उजेडात मांडून सगळं. काय म्हणालीस? बरंच झालं? हो. हो, बरंच झालं की. संध्याकाळी मुलगी आली की तिला सांगते, चल, हात बघ माझे. आता घेईन नातीला, पावडरीसकट घेईन, मानेच्या घडीत नाक घालीन तिच्या, का नाही घेणार, हेच तर हवं होतं सगळ्यांना. मलाही हवं होतं. पण मला हेही हवं होतं गं. मला दोन्ही हवं होतं.

काही नाही, होईल आता ठीक. हे क्रीम घ्या, आधी कोपराला, मग चेहऱ्याला, आणि त्या बाटल्या घेऊन जा, इथे नकोत. पैसे नकोत, राहू द्या. रुमाल? रुमाल राहू द्या माझ्याकडे. नाही, धुऊन नाही देणार, नुसता राहू द्या. उद्या येऊ नका, उद्या दुकान नसेल. निघा आता, खरंच निघा, मला जरा मागच्या खोलीत जायचंय. आणि ते रस्त्याकडचं दार — लावू नका, वन्सं अजून लांब गेल्या नसतील. राहू दे उघडं.